किंबर्लीची छोट्या जहाजाची सफर: आई-बाबांना झेपेल का? आणि टिवी बेटांवर उतरणं बरोबर आहे का?

सांगलीकर_मेलबर्न:
नमस्कार मंडळी. आई-बाबा येत्या जूनमध्ये आमच्याकडे येतायत, दोघंही सत्तरीला टेकलेत. बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला त्यामुळे वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली किनाऱ्याचं नाव काढल्यावर त्यांनी लगेच नकाशाच उघडला. डार्विन ते ब्रूम अशी दहा-अकरा दिवसांची छोट्या जहाजाची एक्स्पिडिशन क्रूझ बघतोय, शंभरेक प्रवासीवाली. खर्च माणशी पाच आकडी डॉलर आहे, म्हणजे हे एकदाच होणार, त्यामुळे नीट विचारून घेतोय. आईचा गुडघा दुखतो, रबरी बोटीत चढउतार जमेल का, बोट लागेल का, शाकाहारी जेवण मिळतं का हे तर आहेच. पण खरा प्रश्न दुसरा आहे. एका कंपनीच्या कार्यक्रमात टिवी बेटांवर एक दिवस आहे, तिथल्या अॅबोरिजिनल म्हणजे मूळनिवासी लोकांच्या गावात नेतात. आम्ही पूर्वी अंदमानला गेलो होतो तेव्हा जारवा आदिवासींच्या जंगलातून गाड्यांचा ताफा जातो त्यातून गेलो, लोक काचेला नाक लावून माणसं शोधत होते, आईला ते इतकं लागलं की ती बाराटांगला पोचेपर्यंत बोलली नाही. तसलं काही असेल तर मला नकोच. कुणी गेलंय का?

डार्विनची_मावशी:
तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, त्यांचं मन जागेवर आहे. मी बरीच वर्षं डार्विनला राहते आणि टिवीला जाणं-येणं आहे म्हणून सांगते, अंदमानची आणि इथली गोष्ट मुळातच वेगळी आहे. जारवांना कुणी विचारलं नव्हतं, रस्ता त्यांच्या जंगलातून काढला. टिवी लोकांकडे बाथर्स्ट आणि मेलव्हिल या दोन्ही बेटांच्या जमिनीची कायदेशीर मालकी आहे, १९७६ च्या जमीनहक्क कायद्याखाली ती मिळाली आणि १९७८ पासून टिवी लँड कौन्सिल आहे. परमिटचे नियम तेच ठरवतात. कुठे उतरायचं, कुठे नाही, हेही तेच सांगतात, क्रूझ कंपनीसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय जात नाही.

बेटं डार्विनच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटर. बहुतेक जहाजं वुरुमियांगाला थांबतात, बाथर्स्टवरचं मोठं गाव. तिथल्या बायका धूर करून स्वागत करतात, तो नाचगाण्याचा शो समजू नका, आलेल्या माणसाची ओळख त्यांच्या पूर्वजांना करून देतात असं समजा. तिथलं टिवी डिझाइन्स हे कलाकेंद्र १९६९ पासून चालू आहे, कापडावर स्क्रीन प्रिंटिंग करतात ते बघत बसावं असं असतं, खरेदी करायची तर तिथेच करा म्हणजे पैसे कलाकाराच्या हातात जातात. डार्विन विमानतळावरच्या दुकानात मिळतं ते सगळंच तिथलं असतं असं नाही. रंगवलेले उंच लाकडी खांब दिसतील, ते पुकुमानी खांब, माणूस गेल्यावर त्याच्या विधीसाठी उभारतात. एखाद्या ठिकाणी असे खांब दिसले तर गाईड सांगेल तिथूनच बघायचं, पुढे जायचं नाही, फोटो विचारूनच.

आणि एक गोष्ट आधीच मनाची तयारी ठेवा. गावात कुणी वारलं असेल तर गाव पाहुण्यांना बंद होऊ शकतं, आदल्या दिवशीही. अशा वेळी काही प्रवासी कटकट करतात पैसे दिलेत म्हणून, मला त्याचा फार राग येतो. आपल्याकडे घरात सुतक असताना कुणी टुरिस्ट बस घेऊन दारात आलं तर चालेल का?

इतिहासाची आवड असेल तर बाबांना सांगा, फेब्रुवारी १९४२ मध्ये डार्विनवर जपानी बॉम्ब पडले तेव्हा मेलव्हिलवर पडलेल्या एका जपानी वैमानिकाला मथायस उलुंगुरा या टिवी तरुणाने पकडलं, ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर पकडलेला तो पहिला जपानी युद्धकैदी.

उधाण_आणि_भांग:
मी मूळचा गुहागरचा, जहाजावर इंजिनात नोकरी केली, त्या पाण्यातून गेलोय त्यामुळे समुद्राचं मी बोलतो. आपल्या कोकणात उधाणाच्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढतं तर आपण खाडी फुगली म्हणतो, तिकडे डर्बीजवळ किंग साउंडमध्ये हाच फरक अकरा मीटरच्या वर जातो. तीन-चार मजली इमारतीएवढं पाणी सहा तासात येतं आणि जातं. त्यामुळे सगळा कार्यक्रम घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर चालतो, पहाटे पाचला उठवलं तर कुरकुर करू नका. बुकिंगच्या आधी तारखांची अमावस्या-पौर्णिमा बघा. उधाणाचे दिवस असतील तर माँटगोमेरी रीफ बघण्यासारखी असते, चारशे चौरस किलोमीटरचं प्रवाळाचं पठार ओहोटीला समुद्रातून वर आल्यासारखं दिसतं आणि त्याच्या कडेने पाणी धबधब्यासारखं कोसळत राहतं, कासवं त्या प्रवाहात वाहत जाताना दिसतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, हे सगळं सौम्य असतं पण मग बोटीत चढणं-उतरणं सोपं, म्हणजे आईंसाठी बरं.

गुडघ्याचं म्हणाल तर कंपनीला एकच प्रश्न विचारा, किनाऱ्यावर नेणाऱ्या बोटी कुठल्या? काही जहाजांवर फक्त रबरी झोडियाक असतात, जहाजाच्या कुशीतल्या शिडीवरून उतरून त्यात बसायचं आणि किनाऱ्यावर बाजूने पाय टाकून गुडघाभर पाण्यात उतरायचं. काहींकडे मोठ्या टेंडर बोटी असतात, डेकवरच आरामात बसायचं आणि मग बोट खाली पाण्यात सोडतात. मी असतो तर आईसाठी दुसऱ्या प्रकारचंच जहाज घेतलं असतं, भले थोडं महाग पडू दे. लांबची खडकातली चढण त्यांनी सोडावी, बोटीतूनही भरपूर दिसतं. किंग जॉर्ज नदीचे जुळे धबधबे तर बोटीतूनच बघतात, ऐंशी मीटरचा कडा आणि तुम्ही तळाशी. जूनमध्ये पाणी एप्रिल-मेएवढं नसतं पण असतं, आणि व्हेल यायला लागतात, कॅमडेन साउंडमध्ये हम्पबॅक व्हेल पिल्लं घालायला येतात.

बोट लागण्याचं, डार्विन सोडल्यावर जोसेफ बोनापार्ट आखात ओलांडताना जहाज हलतं, तेव्हा गोळी आधीच घ्या. एकदा किंबर्लीच्या बेटांच्या आडोशाला शिरलात की पाणी शांत. पोहायचं मात्र कुठेच नाही, मगरी आहेत, खाऱ्या पाण्यातल्या, मोठ्या.

सांगलीकर_मेलबर्न:
मावशी, दादा, दोघांचे मनापासून आभार, मावशींचं उत्तर आईला वाचून दाखवलं. अजून एक, दुसऱ्या एका कंपनीची जाहिरात आहे की हॉरिझाँटल फॉल्सच्या खिंडीतून स्पीडबोटने जाण्याची शेवटची संधी, लवकरच बंद होणार म्हणून आताच या. बाबांना ते भूगोल म्हणून बघायचंय. घ्यावी का ही?

पर्थवाला_अभि:
बघायचं नक्की, खिंडीतून घुसायचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. टॅल्बट बे मध्ये डोंगराच्या दोन रांगांना दोन अरुंद फटी आहेत, भरतीचं पाणी इतक्या वेगाने येतं की त्या फटींतून जायला त्याला वेळच पुरत नाही, एका बाजूला पाणी उंच आणि दुसऱ्या बाजूला खाली राहतं आणि आडवा धबधबा तयार होतो, ओहोटीला उलट दिशेने. भूगोलाच्या मास्तरांना हे समोर बघायला मिळावं असंच आहे आणि ते फटीच्या बाहेर बोट थांबवून अगदी नीट दिसतं.

ती जागा डाम्बिमंगारी या मूळनिवासी लोकांची आहे, त्यांच्या श्रद्धेत तिथे सृष्टी घडवणाऱ्या सर्पाचा वास आहे आणि त्यातून बोटी हाणू नका असं ते कधीपासून सांगतायत. मे २०२२ मध्ये तिथे टुरिस्ट बोटीचा अपघात होऊन बरेच लोक जखमी झाले. आता २०२८ पासून खिंडीतून बोटी नेणं बंद, असं सरकारनेच जाहीर केलंय. म्हणजे घरच्यांनी नको म्हटलंय, सरकारनेही मान्य केलंय आणि ही कंपनी त्याच नकाराचं तिकीट विकतेय. अशा कंपनीला बाकीच्या गावांशी, चित्रांच्या गुहांशी काय देणंघेणं असणार?

आणि गुहांतली चित्रं तर या सफरीचा जीव आहेत. वांजिना म्हणजे मोठे डोळे, तोंड नसलेला चेहरा, डोक्याभोवती ढग-विजेसारखं वलय, पाऊस आणणारे. वोरोरा, न्गारिन्यिन आणि वुनाम्बल या इथल्या मूळनिवासी लोकांचे ते आहेत आणि आजही पूजनीय आहेत, म्युझियममधल्या वस्तूसारखे नाहीत. सिडनी २००० ऑलिम्पिकच्या उद्घाटनात जो अवाढव्य वांजिना उभा राहिला तो इथल्याच वोरोरा कलाकाराचा होता. फ्रेशवॉटर कोव्हला वोरोरा कुटुंबातलेच लोक पाहुण्यांच्या गालाला गेरू लावून घेतात आणि मग आपल्याबरोबर गुहेकडे नेतात, तिथे किती जवळ जायचं, काय बोलायचं हे तेच सांगतात. वुनाम्बल गाम्बेरा प्रदेशात शिरायला उन्गू व्हिजिटर पास लागतो, त्याचे पैसे त्यांच्याकडे जातात. कंपनीला विचारा की हा पास तिकिटात धरलाय का आणि किनाऱ्यावर गाईड कोण असतो. उत्तर द्यायला अडखळले तर समजून जा.

बाबांसाठी खास, करीनिंग बे ला एक बोअॅबचं झाड आहे, आपल्या गोरखचिंचेचा भाऊबंद, त्याच्या खोडावर १८२० साल आणि मर्मेड जहाजाचं नाव कोरलंय. या किनाऱ्याचे नकाशे काढणाऱ्या फिलिप पार्कर किंगने जहाज दुरुस्तीला तिथे ओढलं होतं, आणि ते जहाज बांधलेलं आपल्या कलकत्त्याजवळ हावड्याला!

डार्विनची_मावशी:
अभिशी शंभर टक्के सहमत. शाकाहाराचं बुकिंग करतानाच लेखी कळवा, अंडं चालतं की नाही तेही, वाटेत दुकान नाही आणि जहाजाला नंतर काही आणता येत नाही. ब्रूमहून चढणार असाल तर ताजी फळं, भाज्या आणि मध पिशवीत ठेवू नका, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात आणायला बंदी आहे. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत म्हणून इन्शुरन्समध्ये हेलिकॉप्टरने न्यावं लागलं तर त्याचा खर्च धरलाय ना ते बघा, तिथून मोठा दवाखाना ब्रूम, डर्बी किंवा कुनुनुरालाच आणि वाटेत बहुतेक ठिकाणी मोबाइलही लागत नाही. आणि डार्विनला आदल्या दिवशी येणार असाल तर कळवा, जेवायला आमच्याकडे या.