गावठाणातल्या दगडी विहिरीचं सुशोभीकरण निघालंय. अंदाजपत्रकात काय बदलून घ्यावं?

खाडीकाठ
ठाण्यातल्या एका जुन्या गावठाणात वेशीजवळ गोल दगडी विहीर आहे. व्यास साधारण वीस फूट, काळा दगड, चुन्यातलं बांधकाम, एका अंगाला आत उतरणाऱ्या पायऱ्या. शेजारी पिंपळाखाली दोन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड) आणि एक गधेगाळ (शाप कोरलेला दानाचा दगड) उभा आहे. ‘सुशोभीकरण’ मंजूर झालंय, कार्यादेश, म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करण्याचा आदेश, निघायचा आहे. अंदाजपत्रकात गाळ काढणे, आतून सिमेंटचं पॉइंटिंग (दगडांमधले सांधे, म्हणजे दरजा, भरणं), कठड्यावर ग्रॅनाइट, भोवती पेव्हर ब्लॉक आणि पिंपळाला काँक्रीटचा पार अशा बाबी आहेत. विहीर स्वच्छ व्हावी ही गावाची इच्छा आहेच, त्यामुळे काम अडवायचं नाही, ते नीट करून घ्यायचं आहे. तिला कायद्याचं काही संरक्षण मिळतं का? आणि कोणत्या बाबी बदलायला सांगायच्या?

नकाशा_नोंद
आधी जागा कोणाची ते काढा. मिळकत पत्रिका किंवा सातबारा पाहिल्याशिवाय पत्र लिहू नका, कारण काम एकाचं आणि जागा दुसऱ्याची हा प्रकार आपल्याकडे नेहमीचा आहे. बेलापूरचा किल्ला नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे, पण त्याच्या जतनाचं काम सिडकोने हाती घेतलं. घोडबंदरचा किल्ला राज्य पुरातत्त्व खात्याकडे आणि हद्द मीरा-भाईंदरची. ठाण्याच्या किल्ल्यात तर मध्यवर्ती कारागृह आहे, तिथे तिसराच विभाग. पत्र चुकीच्या टेबलावर गेलं की महिना फुकट जातो.

संरक्षणाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली केंद्राची, १९५८च्या कायद्याखाली, अंबरनाथच्या शिवमंदिरासारखी. तिथे १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. दुसरी राज्याची, १९६०च्या कायद्याखाली. तिसरी स्थानिक, म्हणजे विकास नियंत्रण नियमांतली वारसा यादी आणि तिच्यातल्या श्रेणी. गावठाणातल्या विहिरीला पहिल्या दोन मिळणं अवघड, तिसरी मात्र आवाक्यातली आहे. १९६६च्या नगररचना कायद्यातलं २२ वं कलम विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तू आणि जागा जपण्याची तरतूद करायला सांगतं. यादीत नाव आलं की आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय काम करता येत नाही, मग काम काढणारा विभाग पालिकेचाच का असेना.

यादीला वेळ लागतो, कारण जाहीर नोटीस, हरकती, सुनावणी हे सगळं आलं. म्हणून आजच दोन पत्रं द्या. एक आयुक्तांना, वारसा यादीत समावेशासाठी, सोबत फोटो, मोजमापं आणि सर्व्हे नंबर जोडून. दुसरं शहर अभियंत्यांना, कार्यादेशापूर्वी बाबी बदलण्यासाठी. दोन्हींवर आवक क्रमांक घ्या. माहिती अधिकारात अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि निविदेची प्रत मागा. शुल्क १० रुपये, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. पण उत्तराला ३० दिवस असतात, तेवढ्यात काम सुरू होईल. त्यामुळे अर्जाच्या भरवशावर पत्र थांबवू नका.

कळीचा_चुना
सगळ्यात घातक बाब सिमेंट पॉइंटिंगची आहे, पहिली ती काढायला लावा. आपला काळा दगड पाणी जवळजवळ पीत नाही. भिंतीमागच्या मातीतलं पाणी बाहेर येतं ते दरजांमधून. चुना सच्छिद्र असतो, ते पाणी पाझरू देतो. दरजा सिमेंटने बंद केल्या की पाणी मागे साठतं, आतला जुना चुना हळूहळू धुपतो आणि काही पावसाळ्यांत भिंतीला पोट येतं. वरून पॉइंटिंग कोरं करकरीत दिसतं, आणि एक दिवस आख्खा पट्टा विहिरीत. सिमेंटमधले क्षार बाहेर येऊन दगडावर पांढरे डाग पडतात ते वेगळंच.

तिथे बाब अशी लिहून घ्या: सैल झालेल्या दरजा हातछिन्नीने, ब्रेकर न वापरता, रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत साफ करणे, पाण्याने धुऊन ओलसर ठेवणे, चुन्याच्या मसाल्याने भरणे. प्रमाण एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग वाळू. सतत ओल लागणाऱ्या खालच्या थरांत निम्म्या वाळूच्या जागी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घाला, म्हणजे मसाला ओलीतही धरतो. कळीचा चुना पाण्यात विझवून निदान काही आठवडे मुरायला हवा आणि चाळून घ्यायला हवा. घाईत कच्चा चुना वापरला तर न विझलेले खडे भिंतीत फुलतात आणि मसाला फोडतात. वाळू खाडीची अजिबात नको, तिच्यातलं मीठ पुढे दरजेत फुटतं. भरलेल्या दरजांवर ओली गोणपाटं किमान दहा दिवस. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, म्हणून हे काम एप्रिलअखेर संपलं पाहिजे. मे महिन्यात भरलेली दरज जूनच्या पहिल्या सरीत वाहून जाते.

ज्या दरजा घट्ट आहेत त्यांना हात लावू नका. ‘संपूर्ण पॉइंटिंग, चौरस मीटर दराने’ असं लिहिलं की कंत्राटदार चांगलं बांधकामही उकरतो, कारण बिल क्षेत्रफळावर निघतं.

कठड्यावर ग्रॅनाइट नको. सुटलेले मूळ दगड बहुतेकदा विहिरीतच पडलेले असतात, गाळ काढताना ते वेगळे ठेवायला सांगा. पेव्हर ब्लॉक कठड्यापासून निदान दीड मीटर लांब असू द्या आणि उतार विहिरीपासून बाहेरच्या बाजूला.

खाडीकाठ
खूप उपयोगी पडलं. कनिष्ठ अभियंत्यांशी बोलणं झालं. ते म्हणतात, चुन्याची बाब दरसूचीत, म्हणजे कामांच्या ठरलेल्या सरकारी दरांच्या यादीत, बसत नाही. आणि गाळासाठी दोन मोठे पंप लावून एका दिवसात विहीर कोरडी करायचा बेत आहे.

मोजमाप_पुस्तिका
दरसूचीत नसलेल्या बाबीचा दर दरपृथक्करण करून ठरवता येतो. साहित्य, मजुरी, वाहतूक असा हिशेब मांडायचा आणि सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घ्यायची. हे नेहमीचं काम आहे, फक्त कोणीतरी बसून करायला हवं. त्यासाठी संवर्धन वास्तुविशारदाची नेमणूक निविदेआधी मागा, नंतर नेमलेला माणूस फक्त सह्या करतो. चुन्याच्या कामाचा अनुभव ही कंत्राटदाराच्या पात्रतेची अट निविदेतच हवी, नाहीतर सगळ्यात कमी दर भरणारा गटारं बांधणारा येतो. आधी एक चौरस मीटरचा नमुना करून घ्या, तो मंजूर झाल्यावरच पुढचं काम. बुजलेल्या दरजांची खोली नंतर मोजता येत नाही, म्हणून साफ केलेल्या दरजेत पट्टी धरून काढलेला फोटो मोजमाप पुस्तिकेला (झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही) जोडायची अट घाला.

पंपाचा बेत मात्र थांबवा. विहिरीतलं पाणी भिंतीला आतून आधार देत असतं. ते एकदम उपसलं की मागच्या ओल्या मातीचा दाब एकटा उरतो आणि भिंत आत येते. उन्हाळ्यात, भूजल खाली गेल्यावर, पातळी टप्प्याटप्प्याने उतरवा. दर टप्प्याला थांबून मागचं पाणी झिरपू द्या, भिंतीवर खुणेच्या पट्ट्या लावून तडे रुंदावतात का ते रोज पाहा. जेसीबी काठावर उभा करू नका. गाळ बादलीने, तिपाई आणि कप्पी लावून काढा.

निधी कमी पडतोय असं म्हणाले तर जिल्हा वार्षिक योजनेतून गडकिल्ले, मंदिरं आणि महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांसाठी ३ टक्क्यांपर्यंत निधी ठेवता येतो. पण तिथे ‘संरक्षित’ हा शब्द आडवा येतो, म्हणून यादीचा अर्ज आधी गेलेला बरा.

शिळा_आणि_लेख
गाळात मूर्ती, नाणी, घडीव दगड मिळू शकतात. १० रुपयांहून जास्त किमतीचं, जमिनीत दडलेलं काही सापडलं तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कामगारांना हे पहिल्याच दिवशी सांगा आणि गाळ थेट डंपरमध्ये न भरता बाजूला पसरून पाहायला लावा.

पिंपळाला काँक्रीटचा पार बांधला की मुळं विहिरीकडे वळतात. मोठ्या झाडाला हात लावायचा तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. भिंतीतून उगवलेली रोपं उपटू नका, मुळाबरोबर दगड सुटतो. ती भिंतीलगत कापून, मूळ मारून, मगच पोकळी चुन्याने भरा.

आता गधेगाळाबद्दल, कारण अंदाजपत्रकातल्या बाबींत त्याचं नावच नाही. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि स्त्री, आणि दान मोडणाऱ्याला शाप. ही शिलाहारांच्या काळातली आपल्या कोकणपट्टीची ओळखीची खूण आहे. मधल्या भागात कधी कधी लेख असतो आणि तोच अशा कामांत जातो. पॉलिश, सँडब्लास्टिंग, ऑइलपेंट यांपैकी काहीही नको. सिमेंटच्या चौथऱ्यात रोवणंही नको, कारण लेखाच्या खालच्या ओळी त्यात गाडल्या जातात. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरेसं आहे. काम सुरू व्हायच्या आधी, संध्याकाळी अंधार पडल्यावर, बॅटरी दगडाच्या एका कडेला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश पाडा आणि डावीकडून, उजवीकडून, वरून असे तीन फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. दिवसा सपाट दिसणाऱ्या दगडावर तेव्हा अक्षरं उठून दिसतात. खडूने गिरवू नका, वाचणारा गिरवलेलंच वाचतो. ते फोटो यादीच्या अर्जाला जोडा आणि एक प्रत पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पाठवा.