उत्तर: सहल – रोथेनबुर्गऐवजी न्योर्डलिंगेन का?

काका, नमस्कार.

सहलीच्या यादीत जर्मनीतलं रोथेनबुर्ग खोडून तिथलंच न्योर्डलिंगेन लिहिलंय. तटबंदी, लाल कौलं, चर्च हे सगळं रोथेनबुर्गलाही आहेच की. मुलं विचारतील, तिथे काय वेगळं?
– सहल समिती

---

ताई,

मी मेहकरचा, लोणार आमच्या शेजारचं. त्यामुळे माझं मत थोडं पक्षपाती आहे, हे आधीच कबूल करतो!

न्योर्डलिंगेन अख्खं एका उल्काविवरात वसलंय. लोणारचं विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, तर हे रीस नावाचं विवर सुमारे 24. उल्का पडली त्याला दीड कोटी वर्षं होत आली. लोणारला काठावर उभं राहिलं की सगळं एका नजरेत येतं. इथे तुम्ही विवरात उभे असता आणि आजूबाजूला नुसती सपाट शेतं दिसतात. दोन्ही विवरांना लोक बरीच वर्षं ज्वालामुखीच समजत होते. रीसचा उलगडा 1960 साली झाला. अमेरिकन भूशास्त्रज्ञ यूजीन शूमेकर इथे आले आणि त्यांना उल्कापाताचा पुरावा सापडला तो चक्क सेंट गेओर्ग चर्चच्या भिंतीत. ते चर्च स्युव्हाइट दगडाचं आहे. उल्केच्या धडकेनं वितळलेला, भरडलेला खडक पुन्हा घट्ट होऊन हा दगड झाला. त्यात सूक्ष्म हिरेसुद्धा आहेत, पण डोळ्यांना दिसणार नाहीत, तेव्हा कुणी नखानं खरवडत बसू नये.

याच दगडांसाठी ऑगस्ट 1970 मध्ये अपोलो 14 चे अंतराळवीर इथे शिकायला आले होते. रीसक्राटर संग्रहालयात चंद्रावरचा दगड ठेवलाय. मुलांना तिथेच आधी न्या.

इतिहास थोडक्यात: 1215 पासून 1803 पर्यंत हे स्वतंत्र शाही नगर होतं, मग बव्हेरियात आलं. 1634 ची तीस वर्षांच्या युद्धातली मोठी लढाई याच परिसरात झाली. गावाच्या तटावरून संपूर्ण फेरी मारता येते, सुमारे पावणेतीन किलोमीटर, बरीचशी छपराखालून. पाऊस आला तरी अडत नाही.

त्याच चर्चच्या डॅनिएल मनोऱ्याच्या साडेतीनशे पायऱ्या मी चढणार नाही, गुडघे नको म्हणतात. तुम्ही चढा. मुक्काम केलात तर रात्री दहानंतर पहारेकऱ्याची 'सो, ग्सेल, सो!' अशी आरोळी ऐकू येईल. त्या आरोळीमागे, एका डुकरामुळे वेशीचं दार उघडं राहिल्याचं कळलं आणि गाव वाचलं, अशी आख्यायिका आहे.

वेळ उरला तर होलहाइमजवळच्या ऑफ्नेट गुहांपाशी जाऊ. त्या विवराच्या काठावर आहेत. तिथून खाली पाहिलं की बशी दिसते.
– काका

---

काका, पटलं. मुक्कामाचं बघते. लोणारचे तुमचे जुने फोटो सोबत आणा, ऑफ्नेटला मुलांना दोन्ही काठ एकदमच दाखवू. तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं, तो फोटोही असेल तर उत्तम.