सूर्यास्ताचे फोटो: वाळू, पाणी, आकाश असे तीन पट्टेच येतात. काय बदलू?

वाळूचे_घर: क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली 18-55 मिमी किट लेन्स, हलका ट्रायपॉड. डिसेंबरात गुहागर आणि हरिहरेश्वर करायचंय. आतापर्यंतच्या फोटोंत एक तर सूर्याच्या जागी पांढरा डाग, नाहीतर खाली सगळा अंधार. लाटा मऊ दिसाव्यात म्हणून स्लो शटर लावलं की ट्रायपॉड असूनही फोटो हलतो. सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच, दर स्टॉपला उजेड निम्मा) घेऊ का?

पाऊणपट: फिल्टरचं नंतर बघू, आधी कालनिर्णय काढा. कोकणातला जुना हिशोब माहीत असेलच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हा अंदाज आहे, जागेनुसार तासभर इकडेतिकडे होतो. नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघा.

फोटोसाठी याचा अर्थ असा. पौर्णिमा-अमावस्या आणि लगतच्या प्रतिपदा-द्वितीयेला संध्याकाळी ओहोटी असते, तीही उधाणाची, म्हणजे पाणी चांगलंच आत जातं. गुहागरसारख्या लांबलचक सपाट किनाऱ्यावर हेच दिवस धरा. ओल्या वाळूत आकाश उतरतं आणि खालचा काळा पट्टा आपोआप उजळतो. फोरग्राउंडही तेव्हाच मिळतं: वाळूवरच्या लाटांच्या वळ्या, बारक्या खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेली गोळ्यांची नक्षी. कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणा. उभ्याने काढलेल्या फोटोत त्या गोळ्या नुसते ठिपके दिसतात. खालून काढल्या तर तिरप्या उन्हात प्रत्येकीची सावली पडते. आणि फ्रेम ठरेपर्यंत पुढे पाऊल टाकू नका, तुमच्याच चपलांचे ठसे मधोमध येतात.

हरिहरेश्वरला कातळ आहे, तिथे पाणी खडकांपर्यंत यायला हवं. सप्तमीच्या आसपास जा. भरती पाचच्या सुमारास होऊन गेलेली असते, त्यामुळे सूर्यास्ताला पाणी उतरतं असतं. नवमी-दशमीला नको, अंधार पडताना पाणी चढत असतं आणि परतीची वाट बंद होते. देवळाच्या प्रदक्षिणेच्या समुद्रालगतच्या वाटेवर तर भरतीच्या वेळी जाऊच नका, फोटो किती का चांगला येईना.

अर्धा_सेकंद: वरच्याशी सहमत, पण एनडी घ्याच. सूर्य बुडायच्या आधी एफ/11, आयएसओ 100 ला शटर 1/60 येत असेल तर सहा स्टॉपने ते साधारण 1 सेकंद होतं. माझ्या मते तेवढं पुरे. 30 सेकंदांत समुद्राचं धुकं होतं आणि सगळे किनारे सारखेच दिसायला लागतात. 1/4 ते 1 सेकंदात पाण्याच्या रेघा टिकतात. मात्र लाट येताना बटण दाबू नका, नुसता फेस येतो. लाट फिरून मागे सरायला लागली की दाबा. दगडाला वळसा घालून जाणारं पाणी रेघा काढतं.

फोटो हलतो तो वाळूमुळे. लाट ओसरताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि ट्रायपॉड एक्सपोजर चालू असतानाच खचतो. पाय फाकवा, प्रत्येक पाय दाबून, हलवत पाचसहा इंच रुतवा, एकदोन लाटा जाऊ द्या आणि मग फ्रेम लावा. मधला दांडा वर काढू नका. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद. दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट. टायमर लावलात तर लाटेचा हिशोब दोन सेकंद आधी करावा लागतो.

फोकस: 18 मिमी, एफ/11 ला साधारण दीड-दोन मीटरवर ठेवला तर मीटरभरापासून क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं. एफ/22 च्या मोहात पडू नका, डिफ्रॅक्शनने (लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) तपशील मऊ होतो.

एक्सपोजर: रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. आकाश जळणार नाही, म्हणजे कोरं पांढरं होणार नाही, इतपत हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजवीकडे ठेवा. सूर्याचं बिंब जळणारच, ते सोडून द्या. वेगवेगळ्या एक्सपोजरचे तीन फोटो काढून एचडीआर केलंत, म्हणजे ते एकात मिसळलेत, तर लाटा दुहेरी दिसतात, कारण त्या तिन्हींत वेगळ्या असतात. आकाश एका फोटोतून आणि पाणी दुसऱ्यातून घ्या, जोड क्षितिजावर.

वाळूचे_घर: पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) आहे माझ्याकडे. तो चालेल का?

खारा_वारा: सूर्यासमोर त्याचा आकाशाला काही उपयोग नाही, तो सूर्याशी काटकोनात काम करतो. उलट ओल्या वाळूतलं प्रतिबिंबच पुसून टाकू शकतो. सकाळी मात्र लावा. कोकणात ऊन डोंगरामागून येतं, तेव्हा कातळावरची चकाकी कमी होऊन रंग उठतात. यूव्ही फिल्टर असेल तर सूर्यासमोर काढून ठेवा, नाहीतर बिंबाचं भूत फ्रेममध्ये येतं.

तुषार उडाले तर काच कोरडी पुसू नका. मिठाचे कण चरे पाडतात. मायक्रोफायबरचं एक फडकं गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळून ठेवा, आधी ते, मग कोरडं. एसी खोलीतून निघताना कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास राहू दे, नाहीतर काचेवर बाष्प धरतं. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. मुक्कामी परतलात की ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा. लॉकमध्ये अडकलेली वाळू तशीच राहिली तर पुढच्या खेपेला पाय उघडणार नाहीत.