मदत हवी आहे: ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर फोर्ड मॉडेल टीचा कॉर्क फ्लोट

गाडी १९२४ ची मॉडेल टी, होली एनएच कार्ब्युरेटर, टाकी सीटखाली, पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने उतरतं. पंप नाही, डायाफ्राम नाही, म्हणून ती चौकशी नको. कॉम्प्रेशन जेमतेम ४:१, तेव्हा ऑक्टेनचाही प्रश्न नाही. महागडं हाय-ऑक्टेन पेट्रोल कृपया सुचवू नका.

मिश्रणाचं जमलंय. ई२० ला शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण ८ टक्के जास्त इंधन लागतं. डॅशवरून मिश्रणाची नीडल पाव फेरी जास्त उघडली की कार्ब्युरेटरमधलं फटफटणं थांबतं.

अडतंय फ्लोटपाशी, म्हणजे बाउलमधली (कार्ब्युरेटरच्या इंधनकप्प्यातली) पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्यापाशी. मूळ कॉर्कवर लाखेचा लेप असतो आणि लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात, म्हणजे इथेनॉलमध्ये ती टिकणार कशी? लेप चिकट होऊन सुटतो, कॉर्क पेट्रोल पितो, जड होतो, मग बाउल भरून वाहतो. फ्लोटच्या झडपेची नवी नीडल आणि तिची बैठक (सीट) बसवून झाली, पातळी पुन्हा लावली. लाखेचे जाड थर दिले तर फ्लोट आधीच जड होतो आणि पातळी चढते. टाकी आतून साफ आहे, तळाला पाणी नाही, गाळणीही स्वच्छ. गाडी महिना-महिना उभी राहते, तेव्हा बाउल रिकामा करूनच ठेवतो.

कार्ब्युरेटर बदलायचा नाही. पितळी फ्लोट शेवटचा पर्याय, कारण डाख सुटला की तोही बुडतो.

कॉर्कवर सायनोअ‍ॅक्रिलेट म्हणजे साधा सुपरग्लू, की इंधनरोधक इपॉक्सी? ई२० मध्ये वर्षभर सलग बुडून कोणाचा लेप टिकलाय, किती थरांत, आणि त्यानंतर फ्लोटची पातळी किती खाली घ्यावी लागली?