टाळेबंदीत बागा, मैदानं, टेकड्या बंद ठेवणं चुकलंच

टेकडीवाला:
मार्च २०२० मध्ये करोनामुळे कचेऱ्या, मॉल, लोकल बंद केल्या, ते पटतं. बागा आणि टेकड्या का? ब्रिटनमध्ये त्याच आठवड्यात निर्बंध आले, तरी दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर पडता येत होतं. आपल्याकडे सकाळी फिरणाऱ्यांना पोलिसांनी रस्त्यात उठाबशा काढायला लावल्या. राज्यात उघड्यावर व्यायामाची मुभा मिळाली ३ जूनला. तोवर माझ्या मधुमेही वडिलांचं रोजचं पर्वती चढणं संपून हॉल ते गॅलरी एवढंच चालणं उरलं. साखर वाढली, झोप उडाली, दिवसभर बातम्या आणि चिडचिड.

वॉर्डातली सिस्टर:
आज बोलणं सोपं आहे. तेव्हा करोना थेंबांतून आणि हात लावलेल्या वस्तूंतून पसरतो, असंच सांगितलं जात होतं. लोक भाज्यासुद्धा साबणाने धुवत होते. टेकडीच्या पायथ्याशी घोळके जमतात हे तुम्हालाही माहीत आहे. पीपीई किट घालून घोटभर पाणी न पिता आम्ही ड्युट्या केल्या. खाटा कमी पडत होत्या. दोन महिने गच्चीत चालायला काय हरकत होती?

धारावीकर:
गच्ची कुणाकडे, सिस्टर? दहा बाय दहाची खोली, माणसं सात. सूर्यनमस्कार घालायचा तर बाकीच्यांनी उठून उभं राहायचं. सार्वजनिक संडासाची रांग हेच आमचं बाहेर पडणं. आणि आहाराचं म्हणाल, तर फेसबुकवर घरोघरी केक होत होते, आमच्याकडे आधी भाजी गेली, मग डाळ पातळ झाली. शिवभोजन थाळी १० वरून ५ रुपयांवर आणली, तिचा खरा आधार झाला. भावाचा रोजगार बुडाला, तो बोलेनासाच झाला. त्याला संध्याकाळी मैदानात तासभर बसता आलं असतं तरी पुष्कळ होतं.

नाशिकची वहिनी:
आमच्याकडे उलट झालं. बाहेरचं खाणं थांबलं, रात्रीची जेवणं आठला व्हायला लागली, मुलं भाकरी मागून खायला लागली. पण तीन वेळचा स्वयंपाक आणि भांडी माझ्याच गळ्यात, कारण कामवाल्या मावशींना सोसायटीत येऊ देत नव्हते. घरच्यांची तब्येत सुधारली, माझी पाठ गेली.

टेकडीवाला:
सिस्टर, एप्रिलमधलं अज्ञान मान्य. पण जिमला कुलूप ऑक्टोबरपर्यंत होतं, म्हणजे मोकळ्या जागांची गरज वाढलीच होती. पुढच्या वेळी वेळा वाटून द्या: पहाटे ज्येष्ठ, मग मुलं, संध्याकाळी वस्तीतले लोक.

वॉर्डातली सिस्टर:
वेळा वाटल्या तर माझा विरोध नाही. फाटकावर माणूस कोण देणार, महापालिका की पोलीस, हे आत्ताच ठरवून घ्या.