मदत हवी आहे: /डेव्ह/रँडमकडे (लिनक्सची यादृच्छिक बाइट देणारी फाइल) ३२ बाइट मागतो, पूर्ण येतच नाहीत!!

बग_ना_माझा: उद्या आमचा लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड कस्टमरकडे जायचाय. रीड()ला (फाइल वाचणारा कॉल) ३२ बाइट मागतो, एरर शून्य, पण एन्क्रिप्शन कीची शेपटी नुसती शून्यं! लॅपटॉपवर हाच कोड मक्खन चालतो. बोर्ड बदलून झाला. प्लीज लवकर.

कळफलक: कर्नल (लिनक्सचा गाभा) कुठला? आणि रीड()ने परत काय दिलं ते बघितलंस का?

बग_ना_माझा: बघतो ना, ऋण आलं तर एरर छापतो. येत नाही ऋण.

कळफलक: म्हणजे नाही बघितलंस. किती बाइट आले तो आकडा छाप.

गावठी_पेंग्विन: हॅवेज्ड (रँडमचा साठा भरत ठेवणारा प्रोग्राम) टाक, विषय कट. आमच्या सर्व्हरवर कधीपासून आहे, काही त्रास नाही.

जुनं_खोड: कट कसा? विहिरीत टँकर ओतला तरी पोहऱ्यात किती आलं ते बघायचं की नाही? डीडी (डेटा कॉपी करायची कमांड) निदान तोंडावर सांगते, अर्धवट वाचलं, आयफ्लॅग=फुलब्लॉक लाव म्हणून. सी भाषेत कोणी सांगायला येत नाही.

बग_ना_माझा: छापला. कधी ८, कधी ६, एकदा १४. कर्नल ३.१० आहे, त्याचा काय संबंध?

कळफलक: सगळा संबंध त्याचाच! ५.६ च्या (२०२०) आधी /डेव्ह/रँडम त्याच्या यादृच्छिकतेच्या साठ्यात असेल तेवढंच द्यायचा आणि साठा रिकामा असला की अडून बसायचा. बोर्डाला ना कीबोर्ड ना डिस्क, साठा भरणार कशाने? लॅपटॉपचा कर्नल नवा, तिथे हे दिसणारच नाही.

सी_शार्पनर: त्यापेक्षा गेटरँडम() हा थेट कर्नलकडून यादृच्छिक बाइट घेणारा कॉल वापरा हो. एकदा साठा तयार झाला की २५६ बाइटपर्यंत अर्धवट देतच नाही.

जुनं_खोड: तो ३.१७ मध्ये आला. ३.१० वर कुठून आणू, उसना?

हौशी_गवंडी: सोसायटीच्या पार्किंगची सोडत एक्सेलच्या रँडने काढली तर चालेल का? चेअरमन ऐकत नाहीत.

जुनं_खोड: वेगळा धागा काढा.

कळफलक: लूप लाव. आले तेवढे बाइट मोजून पॉइंटर पुढे सरकव, उरलेले पुन्हा माग. ईइंटर (मध्येच व्यत्यय आल्याचा एरर) आला तर परत वाच, शून्य आलं तर थांबून ओरड.

बग_ना_माझा: ३२ आले! पण आता बूट दीड मिनिट अडकतो.

गावठी_पेंग्विन: हॅवेज्ड म्हटलं होतं ना.

कळफलक: रँडमवर एकदा पोल() (डेटा तयार होईपर्यंत वाट बघणारा कॉल) करून थांब, मग ३२ बाइट युरँडममधून (रँडमचा न अडणारा भाऊ) घे. जुन्या कर्नलवर लिबसोडियम ही एन्क्रिप्शनची लायब्ररीही असंच करते. फक्त लूप काढू नकोस.

बग_ना_माझा: २० सेकंदांवर आलं, धन्स. एक राहिलं. मागच्या लॉटचे ४० बोर्ड जुन्याच कोडने गेलेत. त्यांच्या की बदलाव्या लागतील का?

जुनं_खोड: ३२ पैकी २४ बाइट शून्य, आणि विचारतोस?

कळफलक: सगळ्या. आज रात्रीच साहेबांना फोन कर.