मदत हवी आहे: टीएमधून (टेरिटोरियल आर्मी) मानसिक आजाराची रजा कशी घ्यायची? शनिवारच्या आत सांगा

तासगावचा_गडी
रजा शनिवारी संपतेय आणि परत जायची ताकद नाही. झोप तीन तास. बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की हातातलं टाकून शेडच्या मागं जाऊन उभा राहतो. परवा पप्पांनी हलवलं तेव्हा कळलं, औषधाचा डबा छातीशी धरून उभा होतो. प्रायव्हेट डॉक्टरनी महिनाभर विश्रांती लिहून दिलीय. युनिटला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "हा कागद इथं चालत नाही." मग कुठला चालतो? अर्जाचा फॉरमॅट असेल तर टाका. भाषण नको.

कृष्णाकाठ
टीए म्हणजे वर्षातून दोन महिने कॅम्प ना? या वर्षी नाही जायचं. हाय काय अन् न्हाय काय.

रिटायर्ड_हवालदार
कृष्णाकाठ, माहीत नसेल तर गप बसावं. पोरा, कॅम्पला आहेस की बटालियन एम्बॉडी आहे, म्हणजे पूर्णवेळ ड्युटीवर बोलावलीय? रजा ॲन्युअल की कॅज्युअल? एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, दाखवलंयस का? यातलं काहीच लिहिलं नाहीस.

तासगावचा_गडी
एम्बॉडी आहे हो, नाहीतर रजा कशाला मागू? दीड वर्ष झालं. ॲन्युअल. एमआय रूमला नाही दाखवलं. तिथं लायनीत आपलीच पोरं असतात.

शतपावली
रात्री कोमट दुधातून अश्वगंधा घ्या, पंधरा दिवसांत झोप लागेल. आणि थोडं मन घट्ट करा. आपल्या साताऱ्याच्या अपशिंग्याचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांनी मागितली का रजा?

माणदेशी_लेक
गेलेले कशी मागतील? परत आलेल्यांचं बोला. आमचे पणजोबा त्याच लढाईतून आले. मरेपर्यंत अंगणात झोपले, पावसाळ्यात सोप्यात. घराला आतून कडी लावू दिली नाही. तेव्हा त्याला 'म्हातारा तऱ्हेवाईक आहे' म्हणायचे.

कोर्टाची_पायरी
नुसतं घरी बसू नका. एम्बॉडी असताना टीएच्या जवानालाही १९५०चा आर्मी ॲक्ट लागतो. कलम ३९, विनापरवाना गैरहजेरी, तीन वर्षांपर्यंत कैद. ३० दिवस झाले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी. मात्र तुमची सिव्हिल नोकरी असेल तर टीएच्या १९४८च्या कायद्यात परत घेण्याची तरतूद आहे. कुठं कामाला आहात?

तासगावचा_गडी
नोकरीचं विचारलंच नाही मी.

रिटायर्ड_हवालदार
नीट ऐक. रजा वाढवणं सीओच्या (कमांडिंग ऑफिसर) हातात, पण सिक लीव्ह मिलिटरी हॉस्पिटलच्या शिफारशीवर मिळते. अर्ज लिहून काही होत नाही, आधी हॉस्पिटल. मिरजेतून गाडी धर आणि बेळगावच्या एमएचला जा. ओळखपत्र, लीव्ह सर्टिफिकेट, डॉक्टरचे कागद, गोळ्यांची पाकिटं, सगळं घे. ॲडमिट झालास तर गैरहजर धरत नाहीत. गरज पडली तर पुण्याला कमांड हॉस्पिटलला पाठवतील. एवढा प्रवास झेपत नसेल तर सांगली सिव्हिलला सरकारी डॉक्टर गाठ. काही कर, पण युनिटला आजच लेखी कळव. फोटो नाही, पत्र.

गनर_जत
हवालदारसाहेब पोराला खड्ड्यात घालतायत. सायकियाट्रीचा शिक्का बसला की शेपमधला, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॅटेगरीतला, मनाच्या तब्येतीचा 'एस' खाली, हत्यार काढून घेतात, मग कुकहाउसला बटाटे सोला. त्यापेक्षा कंबरदुखी सांग.

रिटायर्ड_हवालदार
खोटं शिकवू नका. कॅटेगरी आधी तात्पुरती असते, जास्तीत जास्त २४ आठवड्यांची, मग पुन्हा मेडिकल बोर्ड होतो. आमच्या प्लाटूनचा एक जण 'एस-वन', म्हणजे पूर्ण फिट, होऊन परत आला, नंतर नायक झाला. आणि हत्यार काही दिवस लांब राहिलेलं बरंच.

गनर_जत
एकाचं सांगू नका. न झालेले दोन मी बघितलेत.

सिस्टर_मिरज
तुम्ही दोघं नंतर भांडा. भाऊ, एकच विचारते. जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का? येत असेल तर शनिवार विसरा, आत्ता घरच्यांना उठवा आणि सिव्हिलला या, कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते. नाहीतर १४४१६ला फोन करा, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलतात. फौजेसाठी त्यांचा वेगळा कक्ष पुण्यात एएफएमसीत, फौजेच्या मेडिकल कॉलेजात, आहे, २०२३च्या डिसेंबरपासून.

भरतीवेडा
कोल्हापूरला टीएची भरती कधी आहे? छाती ७७ चालते का?

शतपावली
अश्वगंधा कुठल्याही डॉक्टरला विचारून घ्या, अपाय नाही.

सिस्टर_मिरज
गोळ्या चालू असताना मनानं काही घेऊ नका. भाऊ, उत्तर द्या.

तासगावचा_गडी
ताई, रोज नाही येत. फवारणीच्या औषधाची खोली आहे, तिची किल्ली काल पप्पांकडं दिली.

सिस्टर_मिरज
चांगलं केलंत. पप्पांना हा धागा दाखवा. आज एकटे झोपू नका.

तासगावचा_गडी
दाखवला. १४४१६ला अर्धा तास बोललो. उद्या पप्पांबरोबर बेळगावला निघतोय, ब्लोअर चुलता बघेल. युनिटला पत्र स्पीड पोस्टनं टाकलं, मीच लिहिलं मोडक्या इंग्रजीत. फॉरमॅट काय शेवटपर्यंत कुणी दिला नाही.

भरतीवेडा
भरतीचं कुणी सांगेल का?